पायाळूची लाथ आणि शल्यवैद्याची सुरी

उसण भरलेल्या माणसाच्या पाठीस पायाळू मनुष्याचा पाय लागला कीं उसण उतरते, ही समजूत महाराष्ट्रांत फार जुनी आहे. आमच्या खानदेशांतून ती अद्याप अगदींच नाहींशी झालेली नाहीं. सुशिक्षित मंडळी या समजुतीस हंसतात, आणि त्यांचें हंसणें योग्यच आहे. परंतु हंसणारांस एक प्रश्न विचारल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं. पायाळूची लाथ खाल्लेलीं बहुतेक माणसें आठपंधरा दिवसांत खरोखरच बरीं होतात. तीं खोटें बोलत नाहींत, आणि पायाळूही त्यांस फसवीत नाहीं. मग त्या लाथेंत कांहीं गुण नाहीं असें आपण कशाच्या आधारावर म्हणतों? यावर उत्तर येतें तें असें कीं, "उसण ही आपोआप उतरणारीच व्याधि आहे, लाथ मारली नसती तरीही ती उतरली असती." उत्तर बिनतोड आहे. आमचें म्हणणें एवढेंच कीं, जो गृहस्थ हें उत्तर पायाळूच्या तोंडावर फेकतो, त्यानें मोठ्या शहरांतील मोठ्या शल्यवैद्यासही तोच प्रश्न विचारण्याचें धैर्य बाळगावें: "शस्त्रक्रिया केली नसती तर काय झालें असतें?"

पाठीच्या कण्यावरील ज्या ज्या शस्त्रक्रियेला दुसरा कांहीं पर्याय आहे, तिची त्या पर्यायाशीं रीतसर तुलना करून परीक्षा झाली पाहिजे. पाठीच्या वेदनेवर दिल्या जाणाऱ्या औषधांचीही तशीच झाली पाहिजे. आणि जेथें परीक्षा झालेली नाहीं तेथें तसें रोग्यास स्पष्ट सांगितलें पाहिजे, हें या लेखाचें प्रतिपाद्य आहे. कायद्याच्या दृष्टीनें पाहिलें तर गोळी आणि सुरी यांना आपल्याकडे दोन निरनिराळे न्याय लागू आहेत. नवें औषध बाजारांत आणावयाचें तर २०१९ च्या नियमांप्रमाणें सामान्यतः त्याच्या माणसांवरील परीक्षेचा पुरावा सरकारपुढें ठेवावा लागतो. कण्यांत बसवावयाचे स्क्रू आणि सळया यांनाही २०१७ च्या वैद्यकीय उपकरणांच्या नियमांनीं परवान्याच्या कक्षेंत आणलें आहे. परंतु ते स्क्रू कोणाच्या पाठींत, केव्हां आणि किती मणक्यांत बसवावयाचे, ही जी खरी शस्त्रक्रिया, तिला अशी कोणतीही पूर्वपरीक्षा सक्तीची नाहीं. ती शल्यवैद्याच्या अनुभवावर सोंपविलेली आहे. प्रस्तुत लेखक वैद्यकाचा पदवीधर नाहीं. परंतु पुराव्याचें बलाबल तोलणें ही कांहीं एकट्या वैद्यांची मिरास नव्हे, आणि ज्याच्या पाठीवर सुरी चालावयाची त्यास तर हा अधिकार सर्वांच्या आधीं आहे.

बोदवडसारख्या गांवीं हा प्रश्न पुस्तकी नाहीं. हा कापसाचा आणि धान्याचा बाजार असलेला, पाण्यास दुर्मिळ असा मुलूख आहे. वेचणीच्या दिवसांत बायका दिवसभर कंबरेंत वाकून कापूस वेचतात. बाजारांत हमाल पाठीवर पोतीं वाहतात. उन्हाळ्यांत डोक्यावरून हंडे आणणें अजूनही पुष्कळ घरांच्या नशिबीं आहे. जिनेव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेनें १९६७ सालीं प्रौढ पुरुषानें वाहावयाच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो असावी अशी शिफारस केली, आणि महाराष्ट्रानें १९६९ सालीं माथाडी व हमाल कामगारांसाठीं स्वतंत्र कायदा केला. तरी कण्यावरचें ओझें कायद्यानें सगळेंच उतरलेलें नाहीं. दुसरीकडे खुर्चीवर बसून काम करणारे आमचे शिक्षक, कारकून आणि व्यापारी यांच्याही कंबरा धरतातच. दुखणें हटेनासें झालें कीं रोगी प्रथम गांवांतल्या डॉक्टराकडे, मग भुसावळ-जळगांवास, आणि शेवटीं आगगाडीनें मुंबईस किंवा नागपुरास जातो. हातांत एम्. आर. आय.च्या चित्रांची पिशवी असते. "गादी सरकली आहे, नस दबली आहे," हीं दोन वाक्यें घरांतल्या पोरांसही पाठ होतात. मग कुटुंबांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, ताबडतोब ऑपरेशन करून टाका; दुसरा म्हणतो, पाठीचें ऑपरेशन म्हणजे जन्माचें पांगळेपण. पहिल्या पक्षापाशीं बरा झालेला एक मामा असतो आणि दुसऱ्यापाशीं अंथरुणास खिळलेला एक काका असतो. या मामा-काकांच्या साक्षीवर शेत गहाण टाकण्याचे निर्णय होतात. दोन्ही पक्ष एकाच जातीच्या पुराव्यावर उभे आहेत, आणि तो पुरावा पायाळूच्या पुराव्याहून तिळभरही वरचढ नाहीं.

आतां वस्तुस्थिति काय आहे तें पाहूं. मणक्यांमधील गादीचा भाग बाहेर सरकून नस दाबतो आणि त्यामुळें पायांत कळ जाते, हें अमेरिकेंतील मिक्स्टर व बार यांनीं १९३४ सालीं जगापुढें मांडलें. तेव्हांपासून तो भाग काढून टाकण्याची शस्त्रक्रिया जगभर रूढ झाली. रोगी बरे होत होते, म्हणून शस्त्रक्रिया गुणकारी मानली गेली. जे रोगी शस्त्रक्रियेवांचून राहिले त्यांचें पुढें काय झालें, याची रीतसर तुलना होण्यास जवळजवळ अर्धशतक लागलें. ऑस्लोचे वेबर यांनीं १९८३ सालीं जो निबंध प्रसिद्ध केला त्यांत ज्यांच्याबाबत शस्त्रक्रिया करावी कीं न करावी असा खरोखर संशय होता अशा १२६ रोग्यांची चिठ्ठ्या टाकून विभागणी केलेली होती. एका वर्षानें शस्त्रक्रिया झालेल्यांचें बरें होतें. चार वर्षांनीं दोन्ही गटांत लक्षांत घेण्यासारखा फरक उरला नव्हता. दहा वर्षांनींही नव्हता. हॉलंडमध्यें २००७ सालीं २८३ रोग्यांवर अशीच परीक्षा झाली. लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांची कळ लवकर थांबली, यांत शंका नाहीं. परंतु वर्षअखेरीस दोन्ही गटांतील शेंकडा ९५ रोगी आपण बरे झालों असें सांगत होते. आणि ज्यांस थांबावयास सांगितलें होतें त्यांपैकीं शेंकडा ३९ जणांनाच पुढें शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. याचें कारण गूढ नाहीं. सरकलेला भाग पुष्कळदां शरीरच हळूहळू आटवून टाकतें. शिवाय रोगी वैद्याकडे जातो तो दुखणें शिगेला पोंचलेलें असतांना. तेथून पुढें उतार पडावयाचाच असतो. त्या उताराचें श्रेय ज्याचा हात त्या वेळीं पाठीवर असेल त्यास मिळतें.

या परीक्षेंतून शस्त्रक्रिया व्यर्थ आहे असा अर्थ कोणी काढील तर तो आमचा अभिप्राय नव्हे. ज्यास सहा महिने कळ सोसवत नाहीं, ज्याचा रोज बुडाला तर चूल पेटत नाहीं, त्यास लवकर मिळणारा आराम ही मोठी गोष्ट आहे. तो त्यानें जरूर विकत घ्यावा. परंतु आपण काय विकत घेत आहों, हें त्यास ठाऊक असावें. "आतां ऑपरेशन केलें नाहीं तर जन्माचे लंगडे व्हाल," असें भय घालून आणि "लवकर आराम पडेल, पण थांबलांत तरी बहुधा बरे व्हाल," असें खरें सांगून घेतलेली संमति, या दोहोंमध्यें जमीन-अस्मानाचें अंतर आहे. पायांतील शक्ति झपाट्यानें जाऊं लागली, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, मांड्यांच्या आंतील बाजू व बैठक बधिर झाली, तर मात्र वाट पाहणें घातक होय. अशा वेळीं हा लेख बाजूस ठेवून रोग्यानें त्याच दिवशीं शल्यवैद्य गांठावा.

चित्रांच्या पिशवीविषयींही दोन शब्द सांगितले पाहिजेत. सुशिक्षित माणसाचा चित्रावर फार विश्वास असतो. डोळ्यांना दिसलें तें खरें, असें त्यास वाटतें. पाठ मुळींच दुखत नाहीं अशा ३,११० माणसांचीं चित्रें पाहिलेल्या अनेक निबंधांचें संकलन २०१५ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांत विशीच्या माणसांपैकीं शेंकडा ३७ जणांच्या आणि ऐंशीच्या माणसांपैकीं शेंकडा ९६ जणांच्या गाद्या झिजलेल्या आढळल्या. गादी फुगलेली दिसण्याचें प्रमाण विशींत शेंकडा ३० आणि ऐंशींत शेंकडा ८४ होतें. डोक्यावरचे केंस पिकावे तशा गाद्याही झिजतात. तेव्हां पन्नाशीच्या गृहस्थाच्या चित्रांत झिजलेली गादी दिसली, एवढ्यावरून त्याच्या दुखण्याचा गुन्हेगार सांपडला असें म्हणतां येत नाहीं. ती गादी तेथें असणारच होती. रोग्याच्या पायांतील कळ, शक्ति, संवेदना आणि चित्र यांचा मेळ बसला तरच चित्राला साक्षीचें मोल येतें.

स्क्रू आणि सळया यांची कथाही हेंच सांगते. उतारवयांत मज्जारज्जूच्या नळीचा मार्ग अरुंद होऊन चालतांना पाय भरून येतात. तेव्हां हाड कोरून मार्ग मोकळा करतात. त्याबरोबर मणके स्क्रूंनीं जखडून टाकण्याची पद्धत वाढत गेली. स्वीडनमध्यें २०१६ सालीं २४७ रोग्यांवरील परीक्षेचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तो असा कीं, नुसता मार्ग मोकळा केलेल्यांहून मणके जखडलेल्यांस दोन वर्षांनीं अधिक आराम नव्हता; वेळ, रक्तस्राव आणि खर्च मात्र अधिक होता. त्याच सुमारास अमेरिकेंतील ६६ रोग्यांवरील लहान परीक्षेनें मणका पुढें सरकलेल्या रोग्यांत जखडण्याचा थोडा लाभ दाखविला. नॉर्वेमध्यें २०२१ सालीं तशाच २६७ रोग्यांवर झालेल्या परीक्षेंत जखडल्यावांचून भागतें असें दिसलें. पंडितांचा हा वाद अद्याप चालूच आहे आणि चालावा. आमच्या दृष्टीनें महत्त्वाचें हें कीं, वाद आतां आंकड्यांनीं चालतो. कोणाची कीर्ति किती मोठी, यानें चालत नाहीं.

सर्वांत बोलकें उदाहरण मोडलेल्या मणक्यांत सिमेंट भरण्याचें आहे. म्हातारपणीं हाडें ठिसूळ होऊन मणका चेपतो. त्यांत सुईवाटे सिमेंटासारखें द्रव्य भरलें कीं रोगी दुसऱ्या दिवशीं उठून चालूं लागे, आणि हा चमत्कार पाहून हजारों म्हाताऱ्यांवर तो प्रयोग झाला. २००९ सालीं अमेरिकेंतील शास्त्रज्ञांनीं इतर देशांतील रुग्णालयांच्या साहाय्यानें १३१ रोग्यांवर आणि ऑस्ट्रेलियांतील शास्त्रज्ञांनीं ७८ रोग्यांवर केलेल्या परीक्षा एकदमच प्रसिद्ध झाल्या. अर्ध्या रोग्यांस खरें सिमेंट भरलें. उरलेल्यांस केवळ त्याचा देखावा केला. त्यांनाही सुई टोंचली, पाठीवर दाब दिला, सिमेंटाचा वास दरवळावा म्हणून डबीसुद्धां उघडली. सिमेंट मात्र भरलें नाहीं. देखाव्यानें रोग्यांस जितका आराम वाटला त्याहून खऱ्या सिमेंटानें अधिक वाटला नाहीं. पुढें २०१६ सालच्या एका परीक्षेनें अगदीं ताज्या मोडीवर उपयोग होतो असें सांगितलें. २०१८ सालच्या दुसरीनें तेंही नाकारलें. रोग्यांचा आराम खरा होता, डॉक्टरांची निष्ठा खरी होती, आणि तरीही सिमेंटाचा गुण सिद्ध होत नव्हता. पायाळूची गोष्ट याहून निराळी कशी काय?

यावर शल्यवैद्यांचे आक्षेप आहेत, आणि ते ऐकून घेतले पाहिजेत. पहिला आक्षेप असा कीं, शस्त्रक्रिया म्हणजे गोळी नव्हे. तिचा गुण करणाराच्या हातावर अवलंबून असतो. हें खरें आहे. परंतु गुण हातांत असेल तर त्या हाताचा हिशेब ठेवण्याची गरज अधिकच आहे. दुसरा आक्षेप असा कीं, अशा परीक्षा धड पारच पडत नाहींत. अमेरिकेंत १३ ठिकाणीं झालेल्या आणि २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या मोठ्या परीक्षेंत ज्यांच्या वांट्यास शस्त्रक्रिया आली होती त्यांपैकीं निम्म्यांवरच ती तीन महिन्यांत झाली, आणि ज्यांच्या वांट्यास ती आली नव्हती त्यांपैकीं शेंकडा ३० जणांनीं तेवढ्याच अवधींत ती करून घेतली. त्यामुळें निकाल धूसर झाला, हें निर्विवाद आहे. पण यावरून अधिक चांगल्या परीक्षा योजाव्या असें ठरतें. परीक्षाच नको असें ठरत नाहीं. विद्यार्थी गैरहजर राहिले म्हणून कोणतेंही विद्यापीठ बिनपरीक्षेच्या पदव्या वांटीत नाहीं.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. चिठ्ठी टाकून एखाद्या रोग्यास उपचारापासून दूर ठेवणें ही निर्दयता होय, असें म्हणतात. येथें भेद केला पाहिजे. मानेच्या वरच्या दोन मणक्यांचा सांधा निखळून मज्जारज्जु चिरडला जात असेल, तर तेथें चिठ्ठी टाकणारा मनुष्य वेडाच होय. असा सांधा स्क्रू व पट्टी यांनीं पक्का करण्याची जी पद्धत मुंबईच्या के. ई. एम्. रुग्णालयांत डॉ. अतुल गोयल यांनीं बसविली आणि १९९४ सालीं प्रसिद्ध केली, तिच्यांत पुढें २००१ सालीं जर्मनीच्या हार्म्स यांनीं फेरफार केला, आणि आज ती दोघांच्या जोडनांवानें जगभर शिकविली जाते. परळच्या सार्वजनिक रुग्णालयांतून निघालेलें हें तंत्र आम्हां सर्वांच्या अभिमानाचें आहे. परंतु जेथें शहाणे डॉक्टर आपसांत असहमत असतात, आणि जेथें थांबल्यानें जीव किंवा अवयव जात नाहीं, तेथें कोणता उपचार श्रेष्ठ हें कोणासच ठाऊक नसतें. तेथें आज रोग्याची वांटणी या दवाखान्याचें दार उघडतो कीं त्या दवाखान्याचें, यावर होते. तीही एक प्रकारची चिठ्ठीच आहे. फरक इतकाच कीं तिचा निकाल कोणी लिहून ठेवीत नाहीं.

अशा परीक्षेनें गरिबांचें किती कल्याण होतें याचा दाखला मणक्याच्या क्षयाचा आहे. प्रभावी औषधें निघण्यापूर्वीं हे रोगी महिनोन्महिने प्लास्टरच्या कवचांत अंथरुणास खिळलेले असत. औषधें निघाल्यावरही ती रीत लवकर सुटली नाहीं. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या मंडळानें कोरिया, हाँगकाँग, ऱ्होडेशिया आणि पुढें मद्रास येथें परीक्षा योजल्या. कोरियांतील मासान येथें सहा महिने निजवून ठेवलेल्या रोग्यांची तुलना पहिल्यापासून हिंडणाऱ्या रोग्यांशीं, आणि पुसान येथें प्लास्टर घातलेल्यांची न घातलेल्यांशीं केली. औषध नियमित मिळालें तर निजवून ठेवण्यानें किंवा प्लास्टरानें अधिक कांहीं साधत नाहीं, असा निकाल १९७३ सालीं बाहेर आला. हाँगकाँगमध्यें मूलगामी शस्त्रक्रियेनें कुबड थोडें कमी राहतें असें दिसलें. मद्रासच्या परीक्षेचा दहा वर्षांचा वृत्तांत १९९९ सालीं आला. त्यांत बहुतेकांस हिंडतां-फिरतां घेतलेल्या औषधांनीं भागतें, मात्र आरंभींच कणा बराच वाकलेल्या पंधरा वर्षांखालील मुलांची गोष्ट वेगळी, असें ठरलें. काशीचे डॉ. तुली यांनीं १९७५ सालीं आपला 'मध्यम मार्ग' मांडला: आधीं औषध, आणि ज्यांस त्यानें उतार पडत नाहीं त्यांनाच सुरी. ज्या मजुरास सहा महिने निजून राहणें म्हणजे घर बुडणें होतें, त्यास या निकालांनीं पायांवर उभें ठेवलें. शस्त्रक्रियेचाही त्यांत अपमान झाला नाहीं. तिला तिची जागा मिळाली.

सुरीविषयीं जें म्हटलें तेंच वेदनाशामक औषधांविषयींही म्हणावें लागेल. कंबरेंतून पायांत जाणाऱ्या कळेवर प्रीगॅबालिन नांवाची गोळी आपल्याकडे सर्रास लिहून दिली जाते. ऑस्ट्रेलियांत २०१७ सालीं २०९ रोग्यांवर परीक्षा झाली, तेव्हां ती निष्क्रिय गोळीहून सरस ठरली नाहीं. भोंवळ मात्र तिनें अधिक आली. त्याच देशांत २०२३ सालीं ३४७ रोग्यांवरील परीक्षेंत ताज्या पाठदुखीवर अफूच्या जातीच्या औषधानेंही निष्क्रिय गोळीहून अधिक गुण दाखविला नाहीं. उलट हेलसिंकी येथें १९९५ सालींच दिसून आलें होतें कीं, पाठ धरली असतां अंथरुणांत पडून राहणारांहून झेपेल तशीं नेहमींचीं कामें करीत राहणारे लवकर बरे होतात. आणि २०२४ सालीं ऑस्ट्रेलियांतीलच ७०१ माणसांच्या परीक्षेंत नियमित चालणें व थोडी शिकवण यांनीं पाठदुखी परत उलटण्याचा मध्यम अवधि ११२ दिवसांवरून २०८ दिवसांवर गेला. चालण्याची जाहिरात करणारा विक्रेता मात्र कोणाच्या दारीं येत नाहीं.

वेदना हा असा पदार्थ आहे कीं तो चित्रांत येत नाहीं आणि रक्तांतही सांपडत नाहीं; तो रोग्यास विचारूनच मोजावा लागतो. त्यासाठीं इंग्लंडांत १९८० सालीं ऑस्वेस्ट्री येथें एक प्रश्नावली तयार झाली. चालणें, बसणें, उभें राहणें, ओझें उचलणें, झोंप, प्रवास अशा दहा बाबींत दुखण्यानें किती अडवलें हें ती विचारते. तिच्या मराठी रूपाची कसोशीनें तपासणी होऊन तिचा निबंध २०१३ सालीं प्रसिद्ध झाला आहे. म्हणजे मराठी माणसाची पाठदुखी मराठींत मोजण्याचें माप आज उपलब्ध आहे. खेड्यांतील दुखण्याचा शोधही अगदींच झालेला नाहीं असें नाहीं. पुणें जिल्ह्यांतील भिगवण येथें डॉ. अरविंद चोप्रा यांनीं १९९६ पासून जागतिक आरोग्यसंघटनेच्या योजनेखालीं सुमारें चार हजार प्रौढांच्या सांधे-स्नायूंच्या दुखण्याची घरोघर पाहणी केली. आणि गडचिरोलीच्या 'सर्च' संस्थेच्या डॉ. अभय बंग व मंडळींनीं, मुंबईचे शल्यवैद्य डॉ. शेखर भोजराज यांच्या सहकार्यानें, खेड्यांतील पाठदुखी हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे असें २०२१ सालीं मांडलें. ज्या कामाला भिगवण आणि गडचिरोली पुरे पडलीं त्याला खानदेश अपुरा पडण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं.

"पण आम्ही का प्रयोगाचे उंदीर व्हावें?" असा प्रश्न सुशिक्षित घरांतूनच अधिक ऐकूं येतो. त्यामागचें भय निराधार नाहीं. गरिबांवर त्यांच्या संमतीवांचून प्रयोग होतात अशा तक्रारींवरून २०१३ सालीं सर्वोच्च न्यायालयास औषधपरीक्षांच्या बाबतींत कडक आदेश द्यावे लागले, आणि पुढील नियमांत लेखी संमति, नीतिसमिति व नुकसानभरपाई यांचा बंदोबस्त अधिक पक्का झाला. हा बंदोबस्त ढिला पडूं देऊं नये. परंतु विचार करा: नोंदलेल्या परीक्षेंत रोग्यास काय होणार तें लेखी सांगावें लागतें, त्याच्यावर देखरेख असते, त्याला केव्हांही बाहेर पडतां येतें, आणि त्याच्या दुखण्यापासून मिळालेलें ज्ञान पुढच्या रोग्याच्या उपयोगी पडतें. न तपासलेली शस्त्रक्रिया करून घेणारा रोगीही प्रयोगांतच असतो. त्याला फक्त तसें कोणी सांगितलेलें नसतें, आणि त्याचें पुढें काय झालें हें विचारण्यासही कोणी येत नाहीं. उंदीर व्हावयाचें नसेल तर पहिल्या प्रकारांत जाणें अधिक शहाणपणाचें नव्हे काय?

करावयाचें काय, तेंही सांगून ठेवतों. स्वीडनमध्यें कण्याच्या शस्त्रक्रियांची राष्ट्रीय नोंदवही गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून चालू आहे. शस्त्रक्रियेनंतर एक, दोन व पांच वर्षांनीं रोग्यास प्रश्न पाठवून त्याची स्थिति विचारली जाते. धुळ्यास भाऊसाहेब हिरे यांच्या नांवाचें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जळगांवासही २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. या दोन संस्थांनीं आपल्या दोन जिल्ह्यांतील कण्याच्या प्रत्येक रोग्याची, मग त्यावर शस्त्रक्रिया होवो वा न होवो, अशी नोंदवही उघडावी. मराठी प्रश्नावली तयार आहे, आणि वर्षअखेरीस दूरध्वनि करून दहा प्रश्न विचारण्यास आमच्यासारख्या महाविद्यालयांतील विद्यार्थीही शिकवून तयार करतां येतील. महात्मा फुले जन आरोग्य योजनेंतून ज्या शस्त्रक्रियांचा खर्च सरकार सोसतें, त्यांच्या एक वर्षानंतरच्या फळाचा हिशेब सरकारनें जनतेपुढें ठेवावा; पैसा जनतेचा आहे आणि पाठही जनतेची आहे.

कुटुंबांनीं करावयाचें तें याहून सोपें आहे. शल्यवैद्यापुढें बसल्यावर तीन प्रश्न विचारावे. शस्त्रक्रिया न केली तर सहा महिन्यांत व एका वर्षांत काय होण्याचा संभव आहे? या शस्त्रक्रियेची दुसऱ्या उपचाराशीं तुलना झाली आहे काय, आणि तिचा निकाल काय लागला? आपण स्वतः केलेल्या अशा रोग्यांचें एका वर्षानंतर काय झालें, याची नोंद आपणांपाशीं आहे काय? जो उपचार 'नवा प्रयोग' म्हणून सुचविला जाईल, तो २००७ सालीं सुरू झालेल्या भारतीय नैदानिक-चाचणी नोंदवहींत नोंदलेला आहे कीं नाहीं, हें घरांतील शिकलेल्या मुलानें घरबसल्या पाहावें. ती नोंदवही सर्वांस विनामूल्य खुली आहे. चांगला शल्यवैद्य या प्रश्नांनीं रागावणार नाहीं. "हें मला ठाऊक नाहीं," असें एखाद्या प्रश्नास तो उत्तर देईल, तर त्या उत्तराचाही आपण मान राखावा, कारण तें खरें असतें. जो रागावेल त्याच्यापासून उठून दुसऱ्याचें मत घेण्यास आपण संकोच करूं नये. आगगाडीचें दुसऱ्यांदा तिकीट काढावें लागलें तरी तो खर्च गहाण पडणाऱ्या शेतापेक्षां पुष्कळ कमी आहे.